अत्तराचे दिवे आणि ओगल्यांची काच

माहेर सातारा, सासर सांगली आणि मधे एक रिकामी अत्तराची बाटली. आजीच्या लग्नातला वास परत आणायचा म्हणून निघालेल्या एका वीकेंडची ही गोष्ट. वीकेंड पुढे दीड महिना चालला!

सातारच्या यादोगोपाळ पेठेतला मामा-आजोबांचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आणि फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झाला. पितळी डबे, पाटा-वरवंटा, मोडका झोपाळा, 'हे कोणाला हवंय का' आणि त्याखाली अंगठे. अकराव्या फोटोत भिंतीतल्या कपाटातली एक बाटली होती. तळहातात मावेल एवढी, अंगभर पैलू पाडलेली, डोक्यावर काचेचंच बूच. खाली लिहिलं होतं, 'जुनी सेंटची बाटली. बूच निघत नाही. टाकून देऊ?'

आजीने आयुष्यात पहिल्यांदा व्हॉइस मेसेज पाठवला. फक्त तीन शब्दांचा. 'टाकू नका रे.'

आजीचं माहेर सातारा, सासर सांगली. १९५८ साली लग्न झालं, तेव्हा आईने त्या बाटलीतलं अत्तर तिच्या मनगटांना लावलं होतं. बाटली मात्र सोबत दिली नाही. नव्या नवरीने असली नाटकी वस्तू सासरी नेली तर लोक काय म्हणतील? म्हणून ती कपाटातच राहिली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि आजीचा शालू, लग्नाचे फोटो, आईची पत्रं, सगळ्याचा लगदा झाला. आजी तेव्हापासून विश्रामबागेत आत्याकडे असते. माहेरी विसरलेली बाटली तेवढी कोरडी राहिली.

मी फोन केला तर म्हणाली, "घेऊन ये. वास येतोय का बघू. गुलछडीचं होतं."

गुलछडी म्हणजे आपला निशिगंध. मला वाटलं, यात काय विशेष! बाटली आणायची, निशिगंधाचं अत्तर ऑनलाइन मागवायचं, भरायचं, आजीला द्यायचं. फोटो काढायचा. डन.

'ओगलेवाडीची काच आहे ती!'

साताऱ्याला गेले, कंदी पेढे खाल्ले, बाटली ताब्यात घेतली. निघताना मामा-आजोबा अभिमानाने म्हणाले, "जपून ने. ओगलेवाडीची काच आहे ती."

पुणे-मिरज रेल्वेने कधी गेला असाल तर ओगलेवाडी तुम्ही पाहिलेली आहे, फक्त माहीत नसेल. कराडचं रेल्वे स्टेशन कराड गावात नाहीच, ते ओगलेवाडीला आहे. आणि ओगलेवाडी हे नाव ज्या ओगले बंधूंवरून पडलं, त्यांनी १९१६ साली तिथे काचेचा कारखाना काढला. 'ओगले ग्लास वर्क्स'. तुमच्या आजोबांना 'प्रभाकर कंदील' एवढंच म्हणून बघा, ते पुढची वीस मिनिटं थांबणार नाहीत. वीज नव्हती त्या काळात खेड्यापाड्यांतल्या घरांत, गोठ्यांत, तमाशाच्या फडांत जो कंदील लटकायचा, तो हा. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव प्रभाकर. आणि प्रभाकर म्हणजे सूर्यसुद्धा! आजच्या कुठल्या ब्रँडिंगवाल्याला असं नाव सुचेल?

त्या काळात काच बनवणं म्हणजे स्टार्टअपच्या भाषेत 'मूनशॉट' होता. चांगली काच यायची ती बेल्जियम, ऑस्ट्रिया, जर्मनीकडून, नंतर जपानकडून. आपल्याकडे वाळू होती, पण ती १४००-१५०० अंशांना वितळवायची भट्टी, तिचं शास्त्र आणि ते जाणणारी माणसं नव्हती. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उद्योग उभारायची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली, टिळकांनी तिला पाठबळ दिलं, आणि त्या 'पैसा फंडा'तून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. आजचं क्राउडफंडिंग आपण उगाच नवीन समजतो.

ओगल्यांना जागा मिळाली ती औंध संस्थानची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे अफलातून प्रकरण होतं. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, आणि उद्योग काढू बघणाऱ्या माणसाला जमीन देणारे. बेळगावातून हुसकावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनीच कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं होतं, म्हणून आज औंध आणि ओगलेवाडी सातारा जिल्ह्यात, तर कुंडल आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. कोयना एक्स्प्रेसच्या खिडकीत बसलात तर कराड आणि किर्लोस्करवाडी या दोन्ही पाट्या दिसतात. एका राजाने जमीन दिली म्हणून नकाशावर आलेली दोन नावं.

आता मुद्द्याचं. बाटली ओगल्यांची होती का?

पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या काचेचा धंदा करणाऱ्या एका काकांना दाखवली. त्यांनी ती उन्हात धरली, नखाने पैलूंच्या कडा चाचपल्या, तळ उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "बाहेरचा माल आहे, ताई. कापलेली काच. ओतलेली नाही."

फरक असा. साचात ओतलेल्या बाटलीला बाजूने साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते आणि नक्षीच्या कडा बोटाला गोल लागतात. कापलेल्या काचेत रेघ नसते आणि कडा धारदार लागतात, कारण प्रत्येक पैलू फिरत्या चाकावर हाताने घासून पाडलेला असतो. त्यासाठी काच मऊ लागते. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेवनस्क्रॉफ्टने काचेत शिशाचं ऑक्साइड घालायचं पेटंट घेतलं. शिशाने काच जड झाली, कापायला मऊ झाली आणि प्रकाश असा काही फोडायला लागली की लोकांना स्फटिकच वाटावा. तेच क्रिस्टल. आज युरोपात 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं.

कंदिलाच्या काचेला यातलं काहीच नको असतं. तिला ज्योतीची आच सोसता आली पाहिजे, उजेड जसाच्या तसा बाहेर सोडता आला पाहिजे आणि ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे. ओगल्यांनी तो प्रश्न सोडवला. ज्या घरात काळोख आहे तिथे आधी दिवा, मग अत्तर.

आपल्याकडे उधळपट्टीला 'अत्तराचे दिवे लावणे' म्हणतात ना? मला ओगलेवाडीच्या प्लॅटफॉर्मवर ती म्हण आठवली. स्वदेशीच्या त्या पिढीने अत्तराचे दिवे लावले नाहीत. रॉकेलचेच लावले, पण काच स्वतःची बनवली. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. गाडी थांबते, दोन मिनिटांत सुटते.

मामा-आजोबांना फोन करून बाटली परदेशी निघाल्याचं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "कंदील तर ओगल्यांचा होता ना? मग झालं."

अत्तर, 'ओटो' आणि सेंट

काच कळली. आता वास.

आजीची आई अत्तर कुठून आणायची? आजीला आठवत नाही. पण त्या काळातला बाजार आपल्याला थोडाफार माहीत आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर' मासिक सुरू झालं आणि १९३० मध्ये 'स्त्री'. शिकलेल्या तरुण मध्यमवर्गाने काय वाचावं, काय खावं, कसं राहावं हे सांगणारी ही मासिकं. म्हणजे तुम्ही आत्ता हातात धरलंय त्या प्रकारच्या अंकाची आजीच म्हणा, आणि तीही सांगली जिल्ह्यातली!

त्या पिढीच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत मुंबईच्या अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचं 'कामिनिया' तेल असायचं आणि त्याच्या शेजारी 'ओटो दिलबहार'. 'ओटो' म्हणजे काय असेल? आपलंच अत्तर इंग्रजीत जाऊन 'ऑटर', 'ओटो' झालं आणि सूटबूट घालून परत आलं. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनीही आधी 'ओटो दुनिया' नावाचं अत्तर काढलं, आणि मग १९१९ मध्ये ते 'अफगाण स्नो' घेऊन आले. क्रीम मुंबईचं, पण त्याची बाटली जर्मनीहून यायची आणि लेबल जपानहून. आजीच्या बाटलीची गोष्टही बहुधा तीच असणार. फूल आपलं, काच परकी. १९२२ मध्ये मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी सुरू झाली, ती आजही सुगंधाच्याच धंद्यात आहे. आपण रोज ज्या साबण-पावडरींनी घमघमतो त्यामागे अशाच कंपन्या असतात, फक्त त्यांचं नाव पाकिटावर नसतं.

अत्तर आणि सेंट यांत एक मूलभूत फरक आहे. सेंटमध्ये सुगंध अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. फवारला की अल्कोहोल उडतं आणि वास खोलीभर पळतो. पारंपरिक अत्तर तेलात असतं. कनौजला आजही तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी घालून आच देतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. ते तेल फुलाचा वास पिऊन घेतं. अशा अत्तराचा वास खोलीभर पसरत नाही. जवळ आलेल्या माणसालाच तो कळतो.

पण निशिगंध हे जरा नखरेल फूल आहे. गुलाब, केवडा उकळत्या पाण्याची वाफ सोसतात. मोगरा, जाई आणि निशिगंध यांच्या नाजूक वासाला ती आच मानवत नाही. शिवाय ही फुलं खुडल्यावरही तासन्‌तास वास तयार करत राहतात. म्हणून त्यांना उकळायचं नाही, श्वास घेऊ द्यायचा आणि तो श्वास पकडायचा. आपल्याकडे त्यासाठी तिळाचा आणि फुलांचा थरावर थर द्यायचे. फुलं कोमेजली की बदलायची, तीळ वासाने भरले की घाण्यावर पेलायचे. त्या तेलाचं नाव फुलेल. फ्रान्समधल्या ग्रासमध्ये हेच काम काचेच्या तावदानावर चरबी थापून करत. त्याला ते आँफ्लराज म्हणतात. तंत्र तेच, तिळाच्या जागी चरबी.

आणि हो, निशिगंध मूळचा मेक्सिकोचा! बाटली युरोपची, फूल मेक्सिकोचं, चंदन दक्षिणेचं, आणि आम्ही त्याला म्हणणार 'आपल्या सातारचा वास'. पण आजीच्या मनगटावर ते सगळं एकत्र आलं म्हणजे ते सातारचंच झालं, नाही का?

बूच निघालं!

घरी आल्यावर पहिलं काम बूच. काचेच्या बुचाची बाटली म्हणजे जोडपं असतं. प्रत्येक बूच त्या-त्या मानेत बसेल असंच घासलेलं असतं. एकाचं बूच दुसऱ्याला लागत नाही, म्हणून जुने कारागीर जोडीवर सारखाच नंबर कोरत. ओढाताण केली की मान तुटते. मी बुचाभोवती ग्लिसरिनचे थेंब सोडले आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी लाकडी चमच्याने अलगद टिचक्या मारल्या आणि हलकेच फिरवलं. कट्‌.

नाक लावलं.

खरं सांगू? खवट वास आला. जुन्या तेलाचा, बंद कपाटाचा. त्याच्याही खाली, खूप खाली, चंदन. निशिगंध नावालाही नव्हता.

यामागे साधं गणित आहे. वासाचे जे रेणू हलके असतात ते आधी उडतात. फुलाचा ताजेपणा त्यांच्यात असतो. चंदनासारखे जड रेणू मागे राहतात. वर हवा, उजेड आणि उन्हाळे मिळून तेल खवट करतात. बाटली कितीही सुंदर असली तरी ती फक्त उशीर करते, थांबवत नाही. उलट पारदर्शक काच उजेड आत घेते, म्हणजे अत्तराला तशी वाईटच. अत्तरवाले माल चामड्याच्या कुप्यांत भरत, त्याचं एक कारण हे की तिथे उजेड शिरत नाही.

फ्राकाला जमलं ते

जगात मेलेले वास जिवंत होतात का? होतात. आणि निशिगंधाचं उदाहरण सगळ्यांत गाजलेलं आहे.

१९४८ मध्ये पॅरिसमध्ये रोबेर पिगे या फॅशन हाउससाठी जर्मेन सेलिए या बाईने 'फ्राका' नावाचं परफ्यूम बनवलं. परफ्यूम बनवणं हे पुरुषांचं राज्य होतं त्या काळात. फ्राका म्हणजे निशिगंधाचा नुसता स्फोट. पुढे ते मागे पडलं, आणि १९९०च्या दशकात नव्या मालकांनी ते पुन्हा बाजारात आणलं. आज ते मिळतं. गंमत म्हणजे जगभरच्या परफ्यूमवाल्यांना लागणाऱ्या निशिगंधाच्या अर्काचा मोठा भाग आता भारतातून जातो, मुख्यतः कर्नाटक-तमिळनाडूतून. आपण ज्याचे हार करून दुसऱ्या दिवशी फेकतो, तेच फूल तिकडे थेंबांच्या भावाने विकलं जातं.

फ्राका परत येऊ शकलं, कारण ते कागदावर होतं. फ्रान्समध्ये व्हर्सायला १९९०पासून 'ओस्मोथेक' नावाचं वासांचं संग्रहालय आहे. जुनी परफ्यूम्स मूळ फॉर्म्युल्यावरून पुन्हा बनवून तिथे अंधारात, १२ अंशांना, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात. तरीही अडचणी येतातच. जुन्या फॉर्म्युल्यातले काही घटक आज त्वचेला ॲलर्जी करतात म्हणून मर्यादेतच वापरायचे असतात, ओकमॉस हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. काही घटक परवडत नाहीत. एक किलो गुलाबतेलाला सुमारे साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात! म्हणजे पुन्हा आणलेलं परफ्यूम हे मूळचं जुळं भावंड नसतं, फार तर सख्खं भावंड असतं.

आणि बाटली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स्वा कोती या परफ्यूमवाल्याने दागिन्यांचे कारागीर रने लालिक यांना बाटल्या करायला सांगितल्या, तिथून पुढे बाटली हीच अर्धी जाहिरात झाली. बॅकरासारख्या क्रिस्टलच्या जुन्या कारखान्यांनी परफ्यूमच्या बाटल्या लाखोंनी काढल्या. तिकडे कारखाना जगला, वही जगली, म्हणून वास जगला.

आमच्याकडे? पणजीचा अत्तरवाला कोण ते माहीत नाही, फॉर्म्युला त्याच्या डोक्यात. काच बनवायला शिकलेली वाडी आता फक्त स्टेशन. उरली एक बाटली आणि एका पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाक. जे काही परत आणायचं ते त्या नाकाच्या हयातीत. ऑनलाइन अत्तराची ऑर्डर मी त्याच रात्री कॅन्सल केली.

डालडा, निशिगंध आणि रूममेट

बारा रात्री. कृती सोपी आहे, चिकाटी अवघड.

काचेच्या पसरट बेकिंग डिशमध्ये वनस्पती तुपाचा अर्धा सेंटिमीटर थर थापला. (होय, डालडाच. त्याला स्वतःचा वास फारसा नसतो म्हणून. साजूक तूप घेतलंत तर निशिगंधाचा लाडू होईल.) संध्याकाळी ऑफिसमधून येताना फुलवाल्याकडून सुटी फुलं घ्यायची. ओली नकोत, नाहीतर बुरशी. देठ काढायचे, फुलं उपडी करून थरावर ठेवायची, वरून दुसरी डिश झाकायची. दुसऱ्या दिवशी ती काढून नवी. इतकंच.

तिसऱ्या रात्री रूममेट दारातच थबकली. "कोण गेलं?" तिने घाबरून विचारलं. निशिगंधाच्या हाराचं आपल्या डोक्यात काय नातं आहे ते तेव्हा कळलं. लग्नात तोच, अंत्ययात्रेत तोच.

सहाव्या रात्री मला वाटलं की पाठदुखीच्या मलमाचा वास येतोय. वेड लागलं नव्हतं. मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधात निसर्गतःच असतं. त्याच्याशिवाय निशिगंध गुळचट वाटतो. सौंदर्यात थोडं आयोडेक्स हवंच!

बाराव्या रात्रीनंतर तुपाला बोट लावलं आणि गप्प बसले. फुलवाल्याच्या टोपलीतला भसकन येणारा वास हा नव्हता. पहाटे बंद खोलीत फुलदाणी राहिल्यावर येतो ना, तो होता. शुद्ध अल्कोहोल दुकानात सहज मिळत नाही, म्हणून ग्रासवाल्यांसारखा अर्क काढायच्या भानगडीत पडले नाही. थोडं मेण वितळवून त्यात मिसळलं, चंदनतेलाचे दोन थेंब टाकले, छोट्या डबीत ओतलं. क्रिस्टलच्या बाटलीत ते भरलं असतं तर पुन्हा कधी निघालं नसतं.

बाटली मात्र कोमट पाणी, सौम्य साबण आणि कच्च्या तांदळाने खळखळून धुतली. उन्हात धरली तर भिंतीवर रंगीत ठिपके नाचले.

सांगली

विश्रामबागेत आत्याने भडंग पुढे ठेवला. आजीने आधी बाटली घेतली. उघडली. नाकाशी नेली. काहीच नाही, स्वच्छ काच. तिने बूच परत लावलं, दोनदा फिरवून पाहिलं. "हे असंच कट्‌ वाजायचं," म्हणाली.

मग मी डबी दिली.

बोटाने थोडं घेऊन तिने मनगटावर चोळलं. डोळे मिटले. आत्या आणि मी श्वास रोखून. सिनेमात असतं तर इथे व्हायोलिन वाजलं असतं.

"हा तो नाही," आजी म्हणाली.

माझा चेहरा पडला असणार, कारण ती लगेच हसली. "अगं, गुलछडी आहेच. पण आईच्या हाताला खोबरेल असायचं. चुलीचा धूर असायचा. सकाळपासून हळद कुटत होती त्या दिवशी. ते कुठून आणशील?"

परफ्यूमच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. टॉप नोट, मिडल नोट, बेस नोट यांच्यानंतर एक नोट हाताचीही असते बहुतेक. कुठल्याच ओस्मोथेकमध्ये ती १२ अंशांना ठेवता येत नाही. पण तो हात तिला सहा दशकांनंतर लख्ख आठवला, खोबरेल-धुरासकट. आणि 'तो नाही' हे ओळखायला आधी समोर काहीतरी असावं लागतं, ते डबीत होतं.

आजीने कापसाची छोटी वात वळली, डबीत घोळवली. "इकडे ये," म्हणाली आणि तो फाया माझ्या कानात, वरच्या पाळीच्या घडीत बसवला. "आई असं करायची. म्हणजे दिवसभर आपल्यालाच येतो. दुसऱ्याला दाखवायचा नसतो."

बाटली आता तिच्या खिडकीत आहे. रिकामीच. सकाळी दहाच्या उन्हात समोरच्या भिंतीवर ठिपके पडतात आणि आजी पेपर वाचता वाचता ते बघते. डबी उशीखाली असते.

निघताना पाया पडले तर म्हणाली, "पुढच्या वेळी मोगऱ्याचं कर. आणि डालडा जरा कमी घाल."

तुमच्याही घरी अशी बाटली निघाली तर...

• बूच अडकलं असेल तर ओढू नका, उकळत्या पाण्यात तर मुळीच धरू नका. ग्लिसरिन किंवा तेलाचे थेंब सोडा आणि दोन-तीन दिवस वाट पाहा.

• बाटली आणि बूच कधीही वेगवेगळे ठेवू नका. जोडी फुटली की नवं बूच मिळत नाही.

• कडा धारदार, वजन जास्त, जोडाची रेघ नाही? कापलेली काच असण्याची शक्यता मोठी. क्रिस्टलमध्ये शिसं असतं, त्यामुळे त्यात पिण्याचं काहीही साठवू नका.

• काच धुऊनही दुधाळ दिसत असेल तर तो मळ नाही, काचेचा पृष्ठभागच झिजलेला आहे. घासत बसू नका.

• आत थोडं अत्तर उरलं असेल तर धुण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला वास घ्यायला द्या. ते जे सांगतील ते लिहून ठेवा, अगदी चुलीच्या धुरासकट. फॉर्म्युल्याची वही तीच.